सतराव्या पानावरचा शिक्का

ग्रंथालयात नोकरी केली म्हटलं, की लोक एकच प्रश्न विचारतात. "मग तुमची सगळी पुस्तकं वाचून झाली असतील?" मिठाईवाल्याला कुणी विचारत नाही, सगळे पेढे खाऊन झाले का म्हणून. आमचं काम पुस्तकं वाचायचं नव्हतं. दुसऱ्याला हवं ते शोधून द्यायचं, आणि ते वेळेत परत आलं नाही तर त्याच्या घरी पोस्टकार्ड टाकायचं, एवढंच होतं.

मी मूळचा दुधनीचा. घरात कानडी, शाळेत मराठी, आणि दोन्ही भाषांत मला आधी रागवायला आलं, मग बोलायला. असल्या तिरसट माणसाला सोलापूरच्या त्या ग्रंथालयानं एकतीस वर्षं सांभाळलं, याचं श्रेय ग्रंथालयाला द्यायला हवं. तिथं येणारेही काही साधे नव्हते. एक गृहस्थ महिन्यातून एकदा येऊन "ते निळ्या कव्हरचं पुस्तक" मागायचे आणि निळं पुस्तक दिलं की "हे नव्हे" म्हणून रुसायचे. एकदा अक्कलकोटकडचे एक वडीलधारे आले. मुलीचं लग्न ठरत होतं आणि वयावरून अडलं होतं. "पोरगी झाली त्या दिवशी आमच्या पेठेला आग लागली होती. त्या दिवसाचा पेपर काढा," म्हणाले. दोन दिवस जुने गठ्ठे उपसून मी ती आग शोधली. पोरगी आई सांगत होती त्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी निघाली. गृहस्थांनी पेपरची घडी घातली, माझ्या हातात दिली आणि "हे आपल्या दोघांतच ठेवा" म्हणून निघून गेले.

पण सांगायचं आहे ते नरसव्वाचं. त्याआधी शिक्क्याचं सांगावं लागेल.

ग्रंथालयात नवं पुस्तक आलं की ते आधी नोंदवहीत चढतं आणि मग त्याच्यावर शिक्के पडतात. एक पहिल्या पानावर, एक शेवटच्या पानावर आणि एक गुप्त पानावर. हे गुप्त पान प्रत्येक ग्रंथालयाचं ठरलेलं असतं. चोर पहिलं पान फाडतो, शेवटचंही फाडतो, पण मधलं कुठलं पान आपलं आहे हे त्याला माहीत नसतं. आमचं गुप्त पान सतरावं. त्याच्या जोरावर मी रद्दीच्या दुकानातून आमची चार पुस्तकं सोडवून आणली आहेत. तेव्हा शिक्का हा माझा अभिमानाचा विषय होता. अंडाकृती, जांभळ्या शाईचा, वर संस्थेचं नाव आणि मधोमध दोन जाड रेघांत तारीख. मी तो असा मारायचो, की एक अक्षर फिकं पडायचं नाही.

सत्तरच्या दशकाची सुरुवात असेल. गिरण्यांवर अभ्यास करायला आलेले एक परदेशी प्राध्यापक आमच्याकडे चार महिने बसून गेले होते. त्यांनी आठवण ठेवून एक लाकडी खोकं पाठवलं. त्यात एक वापरलेलं वाचनयंत्र होतं आणि मायक्रोफिशचे गठ्ठे होते. मायक्रोफिश म्हणजे पोस्टकार्डाएवढं फिल्मचं कार्ड. एकेका कार्डावर साठ-साठ पानांचे नखाएवढे फोटो, बाराच्या पाच ओळी. कार्ड यंत्राच्या काचेत सरकवलं, की खालचा दिवा आणि भिंग त्यातलं एक पान समोरच्या पडद्यावर मोठं करून दाखवतं. या कार्डांवर होत्या जुन्या कायदेमंडळाच्या समित्यांपुढच्या साक्षी. इंग्रजी राज्यात एखादा कायदा करण्याआधी मंडळाची समिती गावोगाव फिरायची, गिरणीमालकांना बोलवायची, विणकरांना बोलवायची, प्रश्न विचारायची. प्रश्न आणि उत्तर, दोन्ही शब्दन्शब्द टिपून छापलं जायचं. सोलापुरातही अशी एक समिती येऊन गेली होती, हे मला त्या खोक्यामुळे कळलं.

मुख्य ग्रंथपालांनी एक छोटी खोली दिली. मी दारावर पाटी लावली: "या खोलीत पाणी आणू नये." फिल्मला पाणी लागलं तर संपलंच. माठ बाहेर व्हरांड्यात. पाणी प्यायचं तर बाहेर जायचं, आणि गेलेल्या माणसाला मी परत आत येताना हात पुसायला लावायचो. खोलीत तीन वर्षांत जेमतेम पाच माणसं आली असतील.

नरसव्वा सहावी. त्या वर्षी पाऊस नव्हता, पाण्याची बोंब होती आणि वीज रोज दुपारी तीनला जायची ती पाचला यायची. सकाळी दहाला ग्रंथालय उघडलं तेव्हा पन्नाशीची एक बाई पायरीवर बसलेली होती. तेलुगू विणकरांच्या बाया नेसतात तसं पातळ आणि बोटांच्या पेरांत खळीचा पांढरा थर.

"साक्षी हितंच हाईत का?" तिनं विचारलं.

"कसल्या साक्षी?"

"मा नायना, म्हंजे माझ्या बापानं सायबांपुढं साक्ष दिली होती. मी आठ-नऊ वरसांची आसन. दुसऱ्याचा कोट घालून गेला होता. मी दारात हुबी होते की."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. त्यांच्या वस्तीमागे एक मोकळं मैदान होतं. तिथं चाळीस घरं पिढ्यान्‌पिढ्या ताणा घालत होती. मागावर चढवण्याआधी सूत लांबच्या लांब ताणून त्याला खळ लावतात, कुंच्यानं फिरवतात आणि उन्हात वाळवतात. त्याला शंभर पावलं मोकळी जागा लागते, घरात ते होत नाही. मैदान कागदावर एका शेटजींच्या नावावर. जुने शेटजी वारले आणि मुलानं कुंपणाचे खांब रोवायला घेतले. म्हणाला, ही माणसं दोन-चार वर्षं मेहेरबानीनं येत होती, त्यांचा हक्क कसला? दुसऱ्या दिवशी अकराला कोर्टात तारीख होती. वकिलांनी सांगितलं होतं, तोंडी काही चालणार नाही, जुना कागद असेल तर आज संध्याकाळी सहाच्या आत आणून द्या.

"सायबानं नायनाला इचारलं, ताणा कुटं घालता? नायनानं मैदान सांगितलं. मग सायब शेटजीकडं वळला. म्हाताऱ्या शेटजीकडं, त्यो तितंच खुर्चीवर बसला होता. त्याला इचारलं, व्हय का? शेटजी व्हय म्हणाला. म्या ऐकलंय ह्या कानानं."

"वस्तीत आणखी कुणी ऐकलंय?"

"समदे मेले. माझं आता कुणी खरं धरत न्हाय. म्हणत्यात, पोर होतीस तू."

एक "व्हय" हवा होता, चाळीस घरांना. मी तिला बाकावर बसवलं, पाटीकडे बोट दाखवून पाण्याचा नियम सांगितला आणि यंत्र लावलं. मुख्य ग्रंथपाल रजेवर करमाळ्याला गेले होते, त्यामुळे जे काही करायचं ते माझ्याच जबाबदारीवर होतं.

सूची गावांच्या नावानं होती. सोलापूरच्या साक्षी चार कार्डांवर होत्या, पण खोक्यातून जशी निघाली तशी कार्डं मी नोंदवून ठेवली होती. चार कार्डं चार वेगवेगळ्या पाकिटांत होती. ती हुडकण्यातच साडेअकरा वाजले. यंत्राचा दिवा शेवटचा होता, गेला तर पुण्याहून मागवावा लागला असता. तो मधूनच फडफडायचा. पहिल्या कार्डावर गिरणीमालक, दुसऱ्यावर कापडाचे व्यापारी, ती सुरुवातीची पानं पाहूनच बाजूला ठेवली. तिसऱ्या कार्डाची पहिली ओळ संपत आली तेव्हा एक विणकर आला. राजय्या. दुभाष्यामार्फत शपथ घेतली, वय चाळीस, स्वतःचे माग दोन.

"नायना," ती म्हणाली. तिला वाचता येत नव्हतं. मी नाव उच्चारलं तेवढ्यावर ती उठून पडद्याजवळ आली.

मी वाचत गेलो आणि तिला मराठीत सांगत गेलो. सूत कुठून घेता, दिवसाला किती विणता, मुलं शाळेत जातात का. पंधरावं पान झालं. पानाच्या तळाशी अध्यक्षांचा प्रश्न होता: ताणा कुठे घालता? मी कार्ड एक घर सरकवलं.

पडदा जांभळा झाला.

वितीएवढं एकेक अक्षर, आमच्याच संस्थेचं नाव. मी आणखी एक घर सरकवलं, तर तारीख आली, दोन जाड रेघांत, हातभर लांब. ज्या दिवशी खोकं आलं त्या दिवसाची तारीख. मी त्या दिवशी दरवाजा लावून घेऊन, नियमाप्रमाणे, प्रत्येक कार्डाच्या सतराव्या पानावर शिक्का मारला होता. पुस्तकाचं पान हाताएवढं असतं आणि फिल्मचं नखाएवढं, एक शिक्का ओळीतल्या तीन-चार पानांवर बसतो, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. गुळगुळीत बाजूवर शाई धरेना म्हणून मुद्दाम उलटून, जिथं अक्षरं असतात त्या खरबरीत बाजूवर मारला होता. आणि एक अक्षर फिकं पडू दिलं नव्हतं.

"हे काय हाय?" नरसव्वानं विचारलं.

"डाग आहे," मी म्हणालो. "जुनी फिल्म आहे." खोटं बोललो. तिच्याकडे बघायचं धाडस झालं नाही.

शाईच्या मागे ओळी दिसत होत्या, पण शाईचे कण आणि अक्षरं एकमेकांत मिसळून गेली होती. कुठे एखादा शब्द लागायचा आणि पुढचे चार बुडायचे. मी कपाटातून एक बिनमहत्त्वाचं कार्ड काढलं आणि त्याच्या शिक्क्यावर कापसानं स्पिरिट फिरवलं. शाई निघाली. कार्ड यंत्रात घालून पाहिलं, तर शाईबरोबर पानंही निघाली होती. पांढरं, कोरं. साडेबारा वाजले होते.

अशा वेळी माणसाला काहीही आठवतं. मला आठवलं ते आमच्या वर्गणीदारांच्या स्नेहसंमेलनातलं नाटक. नायिकेला जांभळ्या फुलांचं पातळ नेसवलं होतं आणि लायटिंगवाल्या उस्मानभाईंनी रात्रीच्या प्रवेशाला जांभळा प्रकाश टाकला. पातळावरची सगळी फुलं गायब. पांढरं पातळ नेसून विधवा आली असं समजून पुढच्या रांगेतल्या बायका हळहळल्या. मी तेव्हा उस्मानभाईंवर ओरडलो होतो. आता सायकल काढली आणि भर उन्हात त्यांच्याच दुकानावर गेलो.

"क्या मास्टर, फिर झगडने आये क्या?" उस्मानभाई म्हणाले. मी धापा टाकत सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, फळीवरून जांभळ्या जिलेटिन कागदाची गुंडाळी ओढली आणि चपला घातल्या. "चलो. तुम अकेले करेंगे तो जला डालेंगे."

जाळलं त्यांनीच. कागदाचा तुकडा त्यांनी थेट दिव्यावर ठेवला. एका मिनिटात तो आक्रसला, वास सुटला आणि यंत्रातून धुराची रेघ निघाली. मी झडप घालून कार्ड बाहेर ओढलं. बोटं भाजली, कार्ड गरम झालं होतं, एक कोपरा किंचित वाकला होता. मी उस्मानभाईंना मराठी आणि कानडी दोन्ही भाषांत जे काही बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. नरसव्वा भिंतीला टेकून उभी होती, दोन्ही हात तोंडावर.

उस्मानभाई शांतपणे म्हणाले, "दिवे पे नक्को. पडदे पे लगाते."

दोन वाजून दहा मिनिटांनी आम्ही जांभळा कागद यंत्राच्या पडद्यावर चिकटवला, वरून माझ्या टेबलाचा काळा कपडा टाकला आणि मी त्यात डोकं खुपसलं. डोळे सरावायला थोडा वेळ लागला. मग पडदा सगळा एकाच रंगाचा झाला, आणि त्यातला शिक्का पुसट होत होत नाहीसा झाला. काळी अक्षरं तेवढी उरली.

मी वाचत होतो आणि कपड्याच्या आतून ओरडून सांगत होतो. उस्मानभाई कागदावर जमेल तसं उतरवत होते. साक्षीदार: वस्तीमागच्या मैदानात घालतो. माझा आजा तिथंच घालत होता. अध्यक्ष: कुणी हरकत घेतली का? साक्षीदार: कधीच नाही. पुढची ओळ मी दोनदा ओरडून सांगितली. अध्यक्ष, उपस्थित असलेल्या जमीनमालकांना: हे खरं आहे का? जमीनमालक: होय. मैदान माझं आहे, पण ताण्यासाठी ते विणकरांचं आहे. माझ्या वडिलांपासून तसंच चालत आलं आहे.

मी डोकं बाहेर काढलं तर नरसव्वा जमिनीवर बसली होती आणि पदरानं तोंड पुसत होती. "म्या सांगत होते," एवढंच म्हणाली, उस्मानभाईंना.

तीनला पाच कमी असताना शेवटचा प्रश्न आला. अध्यक्ष: तुला आणखी काही सांगायचं आहे का? उत्तराच्या दोन ओळी होत्या. त्या नेमक्या तारखेच्या जाड रेघांखाली होत्या. तिथं शाई इतकी दाट होती, की एक कागद लावला, दोन लावले, कपडा घट्ट धरला, तरी काळ्यावर काळं. तीनला वीज गेली.

खिडकीपाशी टाइपरायटर ओढून मी उस्मानभाईंच्या कागदावरून साक्षीची मराठी नक्कल टाइप केली. शेवटच्या उत्तरापाशी थांबलो. ती ओळ सोडून दिली असती तर कुणाला कळलं नसतं, कोर्टाला तिची गरजही नव्हती. पण अर्धवट नकलेवर "मुळाबरहुकूम" लिहून सही करणं माझ्याच्यानं झालं नाही. मी टाइप केलं: "यापुढील उत्तर या ग्रंथालयाच्या शिक्क्याखाली गेल्यामुळे वाचता येत नाही." खाली सही केली. आणि नक्कल खरी ठरण्यासाठी तिच्यावर शिक्का लागत होता, तोच. आयुष्यात पहिल्यांदा माझा शिक्का फिका उठला.

पुढचं थोडक्यात सांगतो. समोरच्या वकिलांनी त्या ओळीवरून पुष्कळ गोंधळ घातला. मला कोर्टात उभं केलं आणि शिक्का कुणी मारला म्हणून विचारलं. "मीच," मी म्हणालो. मूळ कार्ड, यंत्र आणि जांभळा कागद असं सगळं पुढच्या तारखेला कोर्टात नेऊन दाखवलं. खांब उपटले गेले. मला ग्रंथालयाकडून मेमो मिळाला, तो मी अजून जपून ठेवला आहे. मैदानावर पुढे कितीतरी वर्षं ताणे पडत होते. मग घरोघरी यंत्रमाग आले आणि मैदानात ताणा घालायची गरजच संपली. त्याला कोर्ट काय करणार?

पण मला अजून आठवते ती त्या दुपारची शेवटची पंधरा मिनिटं. उस्मानभाई गेले होते. नक्कल पाकिटात घालून मी नरसव्वाच्या हातात दिली. ती उठली नाही.

"सायेब, त्यो शेवटचा सवाल. आणखी काय सांगायचंय म्हणून इचारलं, त्याला नायना काय म्हणाला?"

"ते वाचता येत नाही, मावशी."

"डागामुळं?"

"डाग नाही तो. शिक्का आहे. मी मारलाय."

मला वाटलं आता ती रागावून बोलेल, आणि तिनं बोलावं असंच मला वाटत होतं. बापाचे सगळ्या जगात उरलेले तेवढेच शब्द होते, त्यातले दोन ओळींचे मी बुजवले होते. तेही असे, की ते कुणी विचारल्याचे नव्हते. त्याच्या मनातले होते.

"तुमचं बी कामच होतं की," ती म्हणाली. मग जरा थांबून, "काय म्हणाला आसंल ते मला ठाव हाय."

"काय?"

"नीळ्ळु मागितलं आसंल. सकाळधरनं हुबा होता त्यो. कुणी बस म्हणलं न्हाय, कुणी इचारलं न्हाय. घरी आल्यावर घागरीला तोंड लावून प्याला, मला आठवतंय."

तिनं तेलुगूत म्हटलेलं मला सांगावं लागलं नाही. आमच्या कानडीत पाण्याला नीरु म्हणतात.

मी तिच्याकडे पाहिलं. ओठ सुकून पांढरे पडले होते. सकाळी दहाला मी तिला पाटी दाखवून बाकावर बसवलं होतं, आणि आता साडेतीन वाजले होते. मी स्वतः दोनदा व्हरांड्यात जाऊन पाणी पिऊन आलो होतो. बापाचे शब्द पडद्यावर यायचे आणि आपण बाहेर असायचो, या भीतीनं तिनं खोलीबाहेर पाऊल टाकलं नव्हतं, आणि तिनं मागितलंही नव्हतं.

मी बाहेर गेलो, माठातून तांब्या भरला आणि त्या खोलीत, त्या पाटीखालून, आत घेऊन आलो.